मदत हवी आहे: कोळसा वगळणारा ईएसजी फंड (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून गुंतवणूक करणारा म्युच्युअल फंड) खरंच परवडतो का?

नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, गच्चीवर वाळवण घातलं की वर कोळशावरच्या वीज केंद्रांच्या राखेचा थर बसतो. म्हणून आपला पैसा कोळशात जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

दरमहा 5000 ची एसआयपी, दहा वर्षं हात लावायचा नाही. पीपीएफ, आरोग्य विमा आहे. डायरेक्ट प्लॅनच (एजंटशिवाय, थेट फंड कंपनीकडून) घेणार.

बाजार नियामक सेबीने 2023 मध्ये ईएसजी फंडांचे सहा उपप्रकार केले, त्यात 'एक्सक्लूजन' (ठरावीक उद्योग वगळणारा) एक, हे वाचलं. पण फॅक्टशीट (फंडांची मासिक माहितीपत्रकं) उघडल्या तर यादीत वर त्याच मोठ्या बँका आणि आयटी कंपन्या, अगदी निफ्टी इंडेक्स फंडासारख्या (जो निफ्टी निर्देशांकातले शेअर्स जसेच्या तसे घेतो). खर्च मात्र जास्त!

कोळसा खरोखर वगळलाय हे योजनेच्या कागदपत्रांत नेमकं कुठे तपासायचं? आणि ज्यांनी पाचेक वर्षं असा फंड ठेवलाय, त्यांना खर्च वजा जाता इंडेक्स फंडाइतकं तरी मिळालं का?