मदत हवी आहे: जुन्या पीएलसींची (मशीन चालवणाऱ्या नियंत्रक संगणकांची) सायबर सुरक्षा कुठून सुरू करावी?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. एका मोठ्या ग्राहकाने आता आयईसी ६२४४३ या कारखान्यांतल्या नियंत्रण यंत्रणांच्या सायबर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुरक्षेचा आराखडा मागितलाय. आमचे पीएलसी जुने, मॉडबसवर (मशीनांनी एकमेकांशी बोलायची एक जुनी पद्धत) चालणारे. त्यात ओळख तपासायची सोयच नाही. नेटवर्कात शिरलेला कोणीही थेट आज्ञा देऊ शकतो. शिवाय मशीनवाले दुरुस्तीसाठी बाहेरून रिमोटने जोडतात, मला खरी धास्ती त्याचीच आहे. विक्रेते बरेच येतात, पण दाखवतात ऑफिसच्या कॉम्प्युटरचाच माल. पॅचसाठी (सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवायला) लाइन थांबवणं परवडत नाही.

ऑफिस आणि शॉप फ्लोअरचं नेटवर्क आधी वेगळं करावं का? चाकण-पिंपरीकडे कोणी हे काम करून घेतलंय? खर्च किती आला, माणूस कसा पारखलात, कृपया सांगा.