मदत हवी आहे: मिश्री सोडवताना सासूबाई शेजारी असतील तर?

नमस्कार. मी ग्रामीण भागात समुपदेशक आहे. गरोदर बायांची मिश्री (दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड) सुटावी यासाठी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग वापरते. विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना ही पद्धत मांडली. उपदेश करायचा नाही, बदलाची कारणं समोरच्याच्या तोंडून येऊ द्यायची, हे मला मनापासून पटतं. बाई एकटी असेल तर जमतंही. "मिश्रीचं तुम्हाला काय बरं वाटतं?" असं आधी विचारलं की ती मोकळी होते. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, पण बाळाची काळजी वाटते," असं स्वतःहूनच म्हणते. तो 'पण' आला की मी तोच धागा धरते.

अडतं ते सासूबाई सोबत आल्या की. "शून्य ते दहामध्ये सोडणं किती महत्त्वाचं वाटतं?" असं विचारलं की सून त्यांच्याकडे बघते आणि उत्तर त्याच देतात. बऱ्याचदा त्या स्वतःही मिश्री लावतात. त्यांना बाहेर बसवलं तर घरी सुनेलाच ऐकावं लागतं. शिवाय ओपीडीत वेळ जेमतेम दहा मिनिटं, आणि "तुम्हीच सांगा ना मॅडम, काय करू?" हे ठरलेलं.

तुम्ही अशा वेळी सासूबाईंनाही बोलण्यात घेता का? त्यांना पहिला प्रश्न काय विचारता? आशाताईंसोबत घरी जाऊन कुणी हे केलंय का? प्रत्यक्ष वापरलेली वाक्यं लिहिलीत तर फार उपयोग होईल.