विषय: इकॅलुइटचा फराळ यलोनाइफला!! कोणी जातंय का तिकडे?

सुलभाताई:
मंडळी, एडमंटनहून उत्तर कॅनडात पाठवलेले यलोनाइफचा आणि इकॅलुइटचा असे दोन्ही डबे यलोनाइफलाच उतरलेत. मंदार, तुला वेगळे पाठव म्हटलं होतं ना? तिथून इकॅलुइटला या आठवड्यात कोणी जाणारं असेल तर आजच कळवा, अनारसे आहेत त्यात.

मंदार:
ताई, दोन्ही पोस्टल कोड एक्सनेच सुरू होतात म्हणून एकत्र दिले. दोन्ही वरच तर आहेत, 1999 पर्यंत एकच टेरिटरी होती. देईल की कोणीतरी गाडीने नेऊन.

जोशीकाका:
गाडीने?? अरे इकॅलुइट बॅफिन बेटावर आहे, दुसऱ्या कुठल्याही गावाला तिथून रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर बोट. आणि हॉलमधल्या नकाशावर मी पट्टी लावून बघितलं, चांगले 5000 किलोमीटर भरतात!

प्राजक्ता:
काका तो मर्केटर नकाशा आहे, ध्रुवांकडे जाताना सगळं ताणून दाखवतो, खालचं स्केल विषुववृत्ताचं. तिथे रेखांशाचा एक अंश 111 किमीचा, 63 अक्षांशावर तोच 50 च्या आसपास येतो. हवाई अंतर साधारण 2260 आहे, म्हणजे मुंबई-दिल्ली दोनदा. रॅन्किन इनलेट हे गाव जवळजवळ मध्यावर लागतं.

जोशीकाका:
नकाशा मी दिलेला आहे मंडळाला, त्याला नावं ठेवू नका. आणि 2260 तर 2260, पण एडमंटनहून सरळ रेषेत इकॅलुइट 2800 च्या आत आहे, मग आधी 1000 वर चढवायचं आणि तिथून 2260 आडवं न्यायचं, हे कोणाचं डोकं?

मंदार:
सरळ रेषेत विमान कोण उडवतंय काका?

वैशालीताई:
ओटावामार्गे पाठवायला हवं होतं, तिथून 2100 आहे आणि इकॅलुइटचं सामान बरंचसं तिकडूनच जातं. गेल्या वर्षी मी हेच सांगितलं तर "ओटावा आपल्या मंडळात येत नाही" असं उत्तर मिळालं, कोणी दिलं ते सगळ्यांना माहितीये. आम्ही इकॅलुइटला राहायचो तेव्हा हिमवादळात विमान गावावर घिरट्या घालून परत गेलं होतं, सासूबाई आत आणि लोणच्याची बरणी त्यांच्या मांडीवर.

प्राजक्ता:
बरणी केबिनमध्ये नेऊ दिली??

वैशालीताई:
तेव्हा कोण विचारत होतं गं.

रवी (खजिनदार):
किलोमीटरचा वाद थांबवा आता. कार्गोला पैसे वजनावर लागतात, आणि चिवड्यासारखा हलका पण जागा खाणारा माल असेल तर डब्याच्या आकारावर. सुलभाताई, लांबी-रुंदी-उंची रात्रीपर्यंत कळवा. यलोनाइफवाल्यांनी चिवडा ठेवून घ्यावा, चकल्या आणि अनारसे छोट्या खोक्यात पुढे पाठवावेत. खर्च उत्तर विभागाच्या बजेटमधून जाईल.

जोशीकाका:
उत्तर विभाग कधी निघाला? मीटिंगमध्ये मंजुरी झाली का?