फोन सोडता येत नाही, कारण धंदाच त्यावर आहे. मग त्याच्याशी नीट जमवायचं कसं?

आरीची_सुई | सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मी मिरजेची. घरीच ब्लाउज शिवते, आरी वर्क (आकडीच्या सुईने, ताणलेल्या कापडावरचं भरतकाम) करते. या दिवाळीला अकरा वर्षं होतील. आधी सगळी गिऱ्हाइकं गल्लीतली होती. लॉकडाऊननंतर इन्स्टाग्रामवर खातं काढलं आणि जयसिंगपूर, कोल्हापूर, एकदा तर हुबळीच्या नवरीचं काम आलं. डिझाइन व्हॉट्सॲपवर येतं, माप कसं घ्यायचं ते व्हिडिओ कॉलवर सांगते, ॲडव्हान्सही फोनवरच जमा होतो. म्हणून "सगळं डिलीट करून टाक" एवढं कृपा करून सांगू नका. माझं घर त्यावर चालतं.

गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, तेव्हापासून मन लागत नाहीये. एका ताईंची पैठणी होती, लेकीच्या साखरपुड्यासाठी. ब्लाउजपीसचा काठ बरोबर दोन बाह्यांपुरता. मी बाह्या कापताना शेजारी फोन उभा करून रील लावली होती. नुसती सोबतीला, बघतही नव्हते म्हणा. एक बाही कापली, मधे मेसेज आला, उत्तर दिलं, आणखी दोन रील पुढे गेल्या, मग दुसरी बाही कापली. कागदी बाही उलटवून ठेवायची राहिली. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या. यंत्रमागावरच्या पैठणीला उलट-सुलट असते, त्यामुळे फिरवून लावायचीही सोय नाही. शिवणारी बाई समजेल मला तेव्हा काय झालं असेल ते.

ताईंना खरं सांगितलं. दुसऱ्या बाहीचा मुंढा (खांद्याकडचा गोलवा) दोन इंच खाली घेऊन पुन्हा कापला, पहिलीही तेवढीच आखूड केली, काखेत जोड दिला. शिलाई घेतली नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ब्लाउज हातात घेऊन काखेतला जोड बोटाने चाचपला, ते मला अजून दिसतं.

दुसरं म्हणजे, रात्री अकराला अंथरुणात पडले की दुसऱ्यांची कामं बघत बसते. कुणाची मोराची बाही, कुणाच्या पाठीवर अख्खी वरात भरलेली. शिकायला म्हणून सुरू करते आणि साडेबाराला फोन ठेवते तेव्हा वाटतं की आपल्याला काहीच येत नाही. सकाळी फ्रेमवर कापड ताणायलाही हात उचलत नाही. अकरा वर्षं काम करून असं वाटावं?

तिसरं सांगायला जड जातंय. लेक नऊ वर्षांची आहे. पूर्वी वही घेऊन मशीनशेजारी बसायची. आता दारात उभी राहते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "तुझं झालं की सांग." मग आत निघून जाते.

फोन म्हणतो, गेल्या आठवड्यात रोज सरासरी ५ तास ४० मिनिटं. त्यात कामाचा वेळ फार तर दीड तास. उरलेल्याचं काय करू? ज्यांनी खरंच काही करून पाहिलंय त्यांनी सांगा.

---

कडेगावचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.४०

ताई, मी तुमच्याच जिल्ह्यातला. आमच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, पेपरात वाचलं असेल. २०२२ च्या १४ ऑगस्टला तिथे महिलांची ग्रामसभा झाली आणि ठरलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, की घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठपर्यंत. कोरोनात शाळा मोबाइलवर गेली होती, ती परत वर्गात आली तरी पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना, हे त्याचं कारण. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून सांगायचे.

मला त्यातली एकच गोष्ट तुमच्यासाठी मोलाची वाटते. फोन कधी ठेवायचा हे तिथे कुणाला एकट्याने ठरवावं लागत नाही. भोंगा ठरवतो, आणि सगळे एकदमच ठेवतात. मी वर्गातही हेच बघतो. एका पोराला "ठेव" म्हटलं तर तो चिडतो, अख्ख्या वर्गाने ठेवलं तर कुणाला काही वाटत नाही. तुम्ही रोज रात्री एकट्या स्वतःच्या मनाशी भांडताय, थकणारच.

घरात एक भोंगा ठरवा. तो तुमच्या फोनमधला मात्र नको, कारण गजर बंद करायला फोन हातात घ्यावा लागतो आणि मग तो हातातच राहतो. आणि वाजवायचं काम लेकीला द्या. यजमानांनाही त्यात घ्या, नाहीतर "मी ठेवला, तुम्ही बघताय" असं सुरू होतं. आमच्या घरात झालं होतं.

---

लटकन_डोरी | मंगळवार, दुपारी २.१५

सुईताई, तुम्ही रात्री ज्यांच्या रील बघता त्यांच्यातली मी एक. नाशिकची. माझ्याकडे बऱ्यापैकी फॉलोअर आहेत, म्हणून आतलं सांगते.

मोराची एक बाही भरायला मला दोन दिवस लागतात. रील चाळीस सेकंदांची. शूटिंग सकाळी दहा ते अकरा, कारण आमच्या खिडकीत तेव्हाच उजेड नीट येतो. ज्या बाहीत कटदाना मणी वाकडा बसला किंवा जरदोसीची तार उसवली, ती कॅमेऱ्यापुढे येतच नाही, दुसरी येते. पाठीचा गळा पुतळ्याला मागून पिना लावून बसवलेला असतो. गिऱ्हाइकाच्या अंगावर तो तसाच बसेल असं नाही. माझ्या हातूनही कापड बिघडतं. मागच्या लगीनसराईत आरीच्या सुईत अडकून एका नेटला भोक पडलं, तिथे फूल भरून झाकलं. त्या फुलाचं गिऱ्हाइकाने कौतुक केलं आणि मला रडू आलं. हे मी कधी टाकलं नाही. तुमचं वाचून वाटतंय, टाकायला हवं होतं.

मी सध्या कशी वागते ते सांगते. कापड समोर असल्याशिवाय डिझाइन शोधायचं नाही. ऑर्डर आली, पीस टेबलावर पसरला, गळ्याची खोली ठरली, मग फोन उघडून नेमकं तेवढंच शोधायचं, "नारळी काठ, कोपरापर्यंत बाही" असं. तीन फोटो सेव्ह केले की फोन खाली. रिकाम्या हाताने उघडला की तो आपल्याला फिरवतो. काम हातात घेऊन उघडला की आपण त्याच्याकडून काम करून घेतो. आणि पैठणी असेल तर अर्ध्या वेळा शोधावंही लागत नाही. आसावलीची वेल, मुनिया, नारळी, काठातच सगळं असतं. तोच नमुना मोठा करून बाहीवर घ्या.

आणखी एक. माझा खरा पसारा टिकटॉकवर होता. २९ जून २०२० ला बंदी आली आणि सगळं एका रात्रीत गेलं. चार महिने मी नुसती बसून होते, कारण गिऱ्हाइकांचे नंबरसुद्धा माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून जाडजूड वही आहे: नाव, नंबर, माप, कुठलं ब्लाउज, कधी दिलं. ती वही भरायला लागल्यापासून रात्री लाइक मोजणं आपोआप कमी झालं. धंदा वहीत आहे हे दिसायला लागलं.

---

कोथरूडचा_कोडवाला | मंगळवार, रात्री ९.०५

मी ॲप बनवण्याच्याच कामात आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने सांगतो.

तुमचा निश्चय कमी पडतोय असं मानू नका. पूर्वी पान संपायचं, "पुढचं पान" दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस उठायचा. २००६ मध्ये ॲझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं पान तयार केलं, आणि पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. थांबायची जागाच काढून टाकलेली आहे. ती आपल्याला परत बसवावी लागते.

१. व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं नसेल तर घ्या. त्यात कामाची वेळ टाकता येते आणि त्या वेळेबाहेर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. कॅटलॉगमध्ये दर आणि नमुने टाका, रोजचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

२. इन्स्टाग्रामची सगळी नोटिफिकेशन बंद, फक्त मेसेजची चालू. फीडमध्ये "फॉलोइंग" निवडलं तर तुम्ही ज्यांना फॉलो करता तेवढेच दिसतात. पोस्ट आधीच वेळ लावून ठेवता येते, म्हणजे रविवारी एकदा बसून आठवड्याचं टाकून मोकळं व्हायचं.

३. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका. मुख्य पान जवळपास रिकामं होतं, जे हवं ते शोधूनच बघावं लागतं. मला स्वतःला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २०१८ च्या एका प्रयोगाबद्दलही सांगावंसं वाटतं. १४३ विद्यार्थी होते. त्यांतल्या काहींना तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहाच मिनिटं दिली. त्यांचं एकटेपण आणि उदासी इतरांपेक्षा कमी झाली. पण ज्यांच्यावर काहीच बंधन नव्हतं, फक्त वापर मोजला जात होता, त्यांचीही घालमेल थोडी कमी झाली. तुम्ही ५ तास ४० मिनिटं हा आकडा बघितलात, लिहिलात, म्हणजे सुरुवात केलीच आहे. आकडा शून्यावर आणायचा नाहीये.

---

आरीची_सुई | मंगळवार, रात्री ९.४०

तिघांचेही मनापासून आभार. लटकनताई, नेटवरच्या फुलाचं वाचून मीही रडले. दादा, एक भीती आहे. रात्री साडेनऊला "दर काय?" असा मेसेज येतो आणि लगेच उत्तर दिलं नाही तर बाई दुसरीकडे जाते. लगीनसराईत हे परवडत नाही.

---

मांजराकाठची_आजी | बुधवार, पहाटे ५.३०

बाळ, मी लातूरची, वय ६८. शिवणातलं कळतं, कारण मीही चाळीस वर्षं शिवलं. ज्या बाईला रात्री साडेनऊला दर हवा असतो, ती बहुतेक वेळा दर विचारूनच जाते. जिला तुझा हात हवा असतो ती सकाळपर्यंत थांबते. पंढरपूरची एक बाई माझ्याकडे वर्षाकाठी दोनदा यायची, तेव्हा फोनही नव्हता घरात.

पण मला वेगळंच सांगायचंय. इथे सगळे फोन कमी करायचं सांगतायत, ते ठीकच आहे. माझा मुलगा टोरांटोला आहे. आमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे अकरा. रविवारी त्या वेळेला नातू मला त्याने काढलेलं चित्र दाखवतो. त्या अर्ध्या तासावर माझा आठवडा जातो. तो फोन वाईट कसा म्हणू?

म्हणून मी दोन भाग केले. ज्यात मी बोलते आणि कुणीतरी मला उत्तर देतं, ते ठेवलं. ज्यात मी नुसती बघत बसते, ते काढलं. एकवीस ग्रुप होते, तीन उरलेत: मुलांचा, भिशीचा, आणि माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचा. हल्ली ग्रुप सोडला तर सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे नातेवाइकांत रुसवेफुगवे झाले नाहीत.

तूही तसं बघ. गिऱ्हाइकाशी बोलतेस ते बोलणंच आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आणि लेक दारात येऊन उभी राहते, म्हणजे तिला अजून यावंसं वाटतंय.

---

आरीची_सुई | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.१०

सांगायला आले, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलं होतं.

भोंगा ठरला. दिवेलागणीला लेक देवघरातली घंटा वाजवते आणि तिघांचे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी जातात. साडेआठपर्यंत. पहिले चार दिवस ह्यांनी कुरकुर केली. पाचव्या दिवशी लेकीने घंटा घेऊन ह्यांच्या कानाशीच वाजवली, तेव्हापासून गुपचूप ठेवतात.

कामाची वेळ टाकली, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. दोन बायका गेल्या, हे खरं सांगते. एक नवरीचं काम होतं, वाईट वाटलं. पण आजी म्हणाल्या तसं बाकीच्या थांबल्या. कॅटलॉग भरायला पूर्ण रविवार गेला, पण आता "दर काय" हा मेसेज खूप कमी येतो.

जे जमलं नाही तेही लिहिते. रात्रीचं बघणं पूर्ण सुटलेलं नाही. मागच्या शुक्रवारी अंगात कणकण होती, झोप येईना, तर पुन्हा दीड वाजला. दुसऱ्या दिवशी फोन उशाशी ठेवला नाही, एवढंच केलं. या आठवड्याचा आकडा ३ तास १० मिनिटं आहे.

लटकनताई, कापड समोर ठेवल्याशिवाय शोधायचं नाही, हे तुमचं म्हणणं पाळतेय. परवा एका नारळी काठावरून मी स्वतः बाही काढली, कागदावर, पेन्सिलीने. दोनदा खोडली. सहा वर्षांनी कागदावर काही काढलं. गिऱ्हाइकाला पाठवलं तर तिने विचारलं, हे कुठून घेतलं? मी म्हटलं, तुमच्याच साडीवरून. वहीही आणलीय, अर्धी भरली.

लेक संध्याकाळी मशीनशेजारी बसते. सध्या हुक लावायला शिकतेय. टाके मोठे घालते, मी उसवत नाही.

आणि पैठणीच्या त्याच ताई गुरुवारी आल्या होत्या. लेकीच्या लग्नाचं ब्लाउजपीस दिलंय, काठ यावेळीही दोन बाह्यांपुरताच. उद्या सकाळी फोन फळीवर ठेवून कापायला घेणार आहे.