तळाची मुलं निवडली की सरासरी वाढतेच

शिक्षकाने आपल्याच वर्गात केलेल्या संशोधनात, म्हणजे कृतिसंशोधनात, पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली १५ मुलं घेतली, महिनाभर उपक्रम राबवला, टी-मूल्य सार्थक आलं (म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या सरासरीतला फरक सहज योगायोगाने येण्याइतका लहान नाही), म्हणून उपक्रम यशस्वी, हे म्हणणं मला पटत नाही. आकडेमोड बरोबर आहे, घोळ निवडीत आहे. एका दिवसाच्या गुणांत मुलाच्या तयारीबरोबर त्या दिवसाचा योगायोगही असतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीला अपूर्णांकांच्या चाचणीत २५ पैकी ४ मिळाले. आदल्या रात्री घरी लग्न होतं, झोप झालेली नव्हती. छेद समान करून घेतलेले आणि पुढे पान कोरं. आठवड्याने तशाच चाचणीत, एकही जादा तास न घेता, तिला १३ मिळाले. मधे एखादा उपक्रम झाला असता तर सगळं श्रेय त्यालाच गेलं असतं!

टोकाचे गुण पुढच्या वेळी साधारणपणे आपोआप सरासरीच्या जवळ येतात, यालाच मध्यमानाकडे (सरासरीकडे) परतणं म्हणजे 'रिग्रेशन' म्हणतात. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली उंचीच्या नोंदींवरून ते दाखवलं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नाही. बी.एड.च्या कृतिसंशोधनात हे आवर्जून शिकवलं जावं असं मला फार वाटतं. तळाची ३० मुलं घ्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाला उपक्रम आत्ता, दुसऱ्याला उत्तरचाचणी (पहिल्या गटाच्या उपक्रमानंतर दोन्ही गटांची घ्यायची चाचणी) झाल्यावर. कुणी वंचित राहत नाही. मग दोन्ही गटांच्या वाढीतला फरक तपासा. नुसती एका गटाची वाढ नको.