पट कमी म्हणजे वर्ग लहान नव्हे

वर्गात २० मुलं ठेवायला सरकारनं सरसकट पैसे द्यावेत, हे म्हणणं पटतं, पण त्या 'सरसकट'मध्येच खोट आहे. कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये खालच्या इयत्तांसाठी नेमकं हेच केलं. एका दमात हजारो शिक्षक लागले. अनुभवी मंडळी सुखवस्तू भागांतल्या नव्या जागांवर सरकली आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांना पुरेसं प्रशिक्षण नसलेले शिक्षक मिळाले.

आपल्याकडे आणखी गंमत. सातारा जिल्ह्यात पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांवर अख्ख्या शाळेचा पट १२-१५, म्हणजे कागदावर आदर्श वर्ग! शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ६० मुलांपर्यंत शिक्षक दोन. म्हणजे एकेकाकडे दोन-तीन इयत्ता. माझी बहीण अशाच शाळेत आहे. जोडीदार गुरुजी केंद्रावर मीटिंगला गेले की पहिलीला अंक गिरवायला लावून ही चौथीचा भागाकार घेते, मधेच खिचडीचा हिशोब. तिचा मुलगा साताऱ्यात शिकतो, त्याच्या तुकडीत ६५. (पालकसभेला आम्हीच उभे होतो.)

दोन्हीकडे अडचण आहेच. पण शहरातल्या पालकाला निदान शिकवणी परवडते. त्यामुळे निधी पटावर न मोजता इयत्तांवर मोजा, आणि आधी वाडीवर तिसरा शिक्षक द्या. त्याला राहायला खोलीही, नाहीतर तो पुढच्या बदलीत खाली उतरतोच.