उपाशी झोपण्यापेक्षा हे बरं

एकांनी लिहिलंय की खेळाडूंना पैसे मिळायला लागले आणि अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा आत्मा गेला. मला हे अजिबात पटत नाही. २०१४ आठवा. कनेक्टिकट विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून देणारा शबाझ नेपियर तेव्हा पत्रकारांना सांगत होता की काही रात्री तो उपाशी झोपतो. अंतिम सामन्याला स्टेडियम खच्चून भरलेलं! काही दिवसांतच एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, कॉलेजांनी खेळाडूंना द्यायच्या जेवणावरची मर्यादा उठवली.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा निकाल एनसीएएविरुद्ध दिला, पाठोपाठ खेळाडूंना जाहिरातींची कमाई खुली झाली. दरवर्षी कॉलेज बदलणारी मुलं मलाही खटकतात, तेवढं मान्य.

पण खरा अन्याय परदेशी मुलांवर आहे, त्याबद्दल इथे कोणीच बोलत नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी, सात फूट चार इंच, कॅनडाचा. लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, पण स्टुडंट व्हिसामुळे सहकाऱ्यांसारखी कमाई करता येईना. मीही त्याच स्टुडंट व्हिसावर, एफ-१ वर, होते. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम, मी लायब्ररीत पुस्तकं लावायचे. एकविसावा तास भरला तर, या धास्तीने टाइमशीट तीनतीनदा तपासायचे. त्यामुळे एडीचा सामना मी कधी चुकवला नाही.